किल्लारी : निर्णय नेमका कुणाचा?

१/ ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले. त्यामुळे ‘सारे बँकेनेच ठरवले’ असे म्हणणे सोपे आहे. सोयीचेही आहे.

२/ राज्यघटनेच्या कलम २९३नुसार राज्याला परदेशातून कर्ज काढता येत नाही. म्हणून पैशाचा मार्ग वॉशिंग्टन, दिल्ली, मुंबई आणि शेवटी किल्लारी. त्यातही दिल्ली १९९१ मध्ये सोने गहाण ठेवून जेमतेम सावरलेली. अशा ऋणकोपुढे धनकोच्या अटींना वजन येणारच.

३/ परंतु कर्जाचा करार १९९४चा. गावे हलवण्याची घोषणा राज्य सरकारने त्याआधीच केली होती. ५२ गावे नव्या जागी गेली.

४/ नवी घरे कुणाला केवढी? भूमिहीनाला २५० चौरस फूट, अल्पभूधारकाला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. गरज माणसांची, माप मात्र जमिनीचे. जुन्या गावाची उतरंड नव्या गावात सिमेंटने पक्की झाली.

५/ बाहेरचा प्रभाव नाकारणे हा भाबडेपणा. सर्व दोष त्याच्या माथी मारणे ही पळवाट. सत्तेचा तोल वॉशिंग्टनमध्ये शोधणाऱ्यांनी गावचा सातबाराही वाचावा.