जुनें भिंग, नवा कॅमेरा

दिवाळीपूर्वीं माळे झाडावयास काढले म्हणजे पुष्कळ कुटुंबांत एक चामड्याची पेटी हातीं लागते. आंत आजोबांचा किंवा काकांचा फिल्मचा कॅमेरा असतो. फिल्म धुऊन देणारीं दुकानें आतां विरळ झालीं. तेव्हां ही अडगळ भंगारांत द्यावी कीं ठेवावी, असा प्रश्न निघतो. त्याच घरांत एखादा कॉलेजांत जाणारा मुलगा नव्या कॅमेऱ्यासाठीं हट्ट धरून बसलेला असतो, आणि कॅमेऱ्याहूनहि त्याच्या भिंगाची, म्हणजे लेन्सची, किंमत ऐकून वडील मंडळी गप्प होतात. या दोन्ही प्रश्नांचें उत्तर कित्येकदां त्या एकाच पेटींत असतें, हें आज आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

भिंगाचें काम पूर्वीं होतें तेंच आजहि आहे. प्रकाशकिरण वळवून ठराविक अंतरावर एकत्र आणावयाचे, एवढेंच तें जाणतें. तेथें फिल्म आहे कीं नव्या तऱ्हेचा सेन्सर, याची त्यास पर्वा नाहीं. अडचण असते ती त्या अंतराची. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें एक हलता आरसा असे. त्यास जागा हवी म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून सुमारें ४५ मिलिमीटर दूर ठेवीत. मिररलेस कॅमेऱ्यांतून हा आरसाच काढून टाकला आहे. त्यामुळें सोनीच्या ई बैठकींत तें अंतर १८, कॅननच्या आरएफमध्यें २० आणि निकॉनच्या झेडमध्यें १६ मिलिमीटर एवढेंच उरलें. जुनें भिंग तेथें बसवावयाचें तर मधली तूट भरून काढणारें एक पोकळ धातूचें कडें पुरतें. त्यास अॅडॅप्टर म्हणतात. बेचाळीस मिलिमीटरच्या आट्यांचें जुनें भिंग सोनीवर बसविण्यास तें सुमारें २७ मिलिमीटर जाडीचें लागतें. साध्या अॅडॅप्टरांत कांच नसते. म्हणून तो स्वस्त पडतो आणि चित्राचा स्वच्छपणाहि बिघडवीत नाहीं.

मात्र पेटी सांपडतांच अॅडॅप्टर मागवूं नये. अगफा क्लिक ३ किंवा यशिका इलेक्ट्रो ३५ यांचें भिंग कॅमेऱ्यास कायमचें जोडलेलें असतें. असे कॅमेरे आठवण म्हणून जपावेत. पेंटॅक्स के १०००, झेनिट, प्रॅक्टिका, निकॉन एफएम, कॅनन एई-१ यांचीं भिंगें निघतात. कोणाची बैठक आट्यांची, तर कोणाची खटक्याची. एकाचा अॅडॅप्टर दुसऱ्यास चालत नाहीं.

त्याआधीं भिंगाची प्रकृति पाहावी. आमच्या कोल्हापुरांत पावसाळ्याचे चार महिने कपड्यांवर बुरशी धरते, तशी ती कांचेवरहि धरते. अंधारांत भिंगाच्या एका बाजूनें विजेरी धरून दुसऱ्या बाजूनें तिरकें पाहिलें असतां कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. वेळीं जाणत्या कारागिराकडून साफ करविली तर भिंग वांचतें. उशीर झाला तर ती कांचेवरील लेप खाऊन टाकते. चामड्याची पेटी ओल धरते, म्हणून भिंग तींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावें. आंतील पात्यांस तेल लागलें आहे काय आणि फोकसचें कडें सहज फिरतें काय, हेंहि पाहावें.

कॅमेरा नवाकोराच हवा असें नाहीं. २०१४ सालीं निघालेला सोनीचा ए ६००० वापरलेला मिळाला तरी काम भागतें. कॅमेऱ्यास जुन्या भिंगाची ओळख पटत नाहीं; म्हणून भिंगाविना चित्र घेण्याची मुभा देणारी सोय आधीं चालू करावी. पुढें प्रकाशाचें कडें आणि फोकसचें कडें, दोन्ही आपल्याच हातानें फिरवावीं लागतात. नजरेच्या साहाय्यास फोकस पीकिंग नांवाची सोय असते. जो भाग स्पष्ट झाला त्याच्या कडा पडद्यावर रंगानें उजळतात. या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यानें ५० मिलिमीटरचें भिंग ७५ सारखी आटोपशीर चौकट दाखवितें. ओसरीवर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यास ती फार शोभते. धांवणाऱ्या नातवंडास किंवा लग्नाच्या गर्दीस मात्र हा प्रकार सोयीचा नाहीं. तेथें आपोआप फोकस करणारें भिंगच बरें.

यंत्र आपल्या हातानें समजून घेण्याची ही रीत कोल्हापुरास नवी नाहीं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनीं चित्रपट घेण्याचा कॅमेरा आपणच घडवावयाचें मनांत घेतलें. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनीं काम सोडलें नाहीं, आणि विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं तो कॅमेरा पुरा केला. १९२० चा 'सैरंध्री' त्याच कॅमेऱ्यानें घेतला गेला. ज्यानें यंत्राचा प्रत्येक भाग हाताळला, त्यास प्रकाश कोठें अडतो आणि कोठें वाहतो हें निराळें शिकवावें लागत नाहीं. आपल्या मुलांनीं कॅमेरा घडवावा असें आम्ही म्हणत नाहीं. दोन कडीं समजून फिरवावीं, एवढेंच म्हणतों.

त्या पेटीचा मालक अजून घरांत असेल, तर हें काम लांबणीवर टाकूं नये. कोणत्या उन्हांत कोणता आंकडा लावावा, हें त्याच्या बोटांस ठाऊक असतें. तें भिंगाबरोबर आपोआप वारशानें येत नाहीं. नातवानें पेटी घेऊन आजोबांजवळ बसावें, विचारावें आणि पहिलें चित्र त्यांचेंच काढावें. भिंग पुढेंहि दुरुस्त करून घेतां येईल. सांगणारा माणूस मात्र पुन्हां मिळावयाचा नाहीं.