गोड बोलणारा देश आणि चार भाषांचं गाव

अमेरिकेतल्या एखाद्याचं बँकेचं कार्ड अडलं की तो कंपनीला फोन करतो. तो फोन बऱ्याचदा फिलिपिन्समधल्या मनिला नाहीतर सेबू शहरात वाजतो. पूर्वी तो बंगळूर, गुरुग्राम, पुण्यात जास्त वाजायचा. 2010 च्या सुमारास या फोनवरच्या कामात फिलिपिन्सनं भारताला मागं टाकलं. आज तिथं दहा लाखांहून जास्त लोक परदेशी कंपन्यांची अशी कामं करतात. असं का, म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : त्यांची संस्कृतीच तशी, हसतमुख, नम्र, पाहुणचार करणारी.

मला हे उत्तर निम्मंच पटतं.

नम्रता आहेच. मोठ्यांशी बोलताना तिथला माणूस वाक्यात 'पो' हा शब्द घालतो, आपल्या 'अहो'सारखा. थोरांचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायची त्यांची रीत म्हणजे आपला वाकून नमस्कारच. पण नुसत्या नम्रतेवर काम मिळालं असतं, तर पंढरपूरच्या वारीतल्या प्रत्येक माउलीला मिळालं असतं की ओ!

दुसरं निम्मं उत्तर आपल्या पेशातलं आहे. स्पेनची तीनशेहून जास्त वर्षांची सत्ता 1898 मध्ये गेली आणि अमेरिका आली. 1901 मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले आणि गावोगावच्या सरकारी शाळांत इंग्रजीतून शिकवू लागले. आपल्याकडं इंग्रजी कचेरी आणि कॉलेजातून आली, ब्रिटिश वळणाची, आणि बराच काळ मूठभरांपुरतीच राहिली. तिथं ती अमेरिकन वळणानं थेट प्राथमिक शाळेत पोचली. अमेरिकन ग्राहकाला फोनवरचा आवाज ओळखीचा वाटतो तो त्यामुळं. ज्याला संस्कृती म्हणतात, त्यातला मोठा वाटा खडू-फळ्याचा आहे.

आणि कंपनी जेव्हा एखाद्या देशाच्या नम्रतेचं कौतुक करते, तेव्हा त्यात 'उलट बोलत नाहीत' हेही आलं आणि 'कमी पगारात भागतं' हेही. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा तिथं रात्र असते. आईबाप रात्रभर फोनवर गोड बोलून सकाळी घरी येतात, तेव्हा पोरं शाळेला निघालेली असतात. हे कौतुकाच्या लेखांत कुणी लिहीत नाही.

आता पालकांनी जरा थांबून वाचावं. 2018 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत 79 देश आणि प्रदेशांमध्ये वाचून समजण्यात फिलिपिन्सची पंधरा वर्षांची मुलं शेवटची आली. चाचणी इंग्रजीतच होती. म्हणजे ज्या देशाच्या इंग्रजी बोलण्याला जगभर गिऱ्हाईक आहे, तिथल्या बहुतेक मुलांना इंग्रजी उतारा नीट उमगत नाही. (आपण हसायचं कारण नाही. 2009 च्या फेरीत आपली दोन राज्यं बसली होती, तीही तळालाच राहिली.) बोलता येणं आणि समजणं या दोन गोष्टी आहेत. "सर, पोरगं फाडफाड इंग्रजी कधी बोलणार?" असं विचारणाऱ्यांनी "वाचलेलं कळतंय का?" हेही विचारावं. साचेबंद फोनची कामं आता यंत्रं करायला लागलीत. ज्याला समोरच्याची अडचण समजते, त्याचंच काम टिकेल.

आणि इथं सोलापूरचं पोर कमी नाही. सेबूचं मूल घरी सेबुआनो बोलतं आणि शाळेत फिलिपिनो व इंग्रजी शिकतं. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड, गल्लीत दखनी वळणाची उर्दू, शाळेत मराठी. दुकानात गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारी दहा वर्षांची पोरं आपल्याकडं आहेत. हे कसब परदेशी कंपन्या पैसे मोजून शिकवतात, आणि आपण काय करतो? वर्गात तेलुगू बोललं की दटावतो, "काय करायलाय" म्हटलं की पुण्याच्या मराठीत दुरुस्त करतो. तोंड उघडायलाच लाजणारं पोर इंग्रजीत कुठून बोलणार?

इंग्रजी हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण उच्चाराच्या क्लासला पैसे भरण्याआधी वर्गात एक खेळ घेऊन बघा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे तोंड दिसणार नाही. एकानं तक्रार करायची : सोलापुरी टॉवेल घेतला, पहिल्याच धुण्यात रंग गेला. दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं, मग दोन प्रश्न विचारायचे आणि तक्रार स्वतःच्या शब्दांत परत सांगायची. आधी घरच्या भाषेत, मग मराठीत, शेवटी इंग्रजीत. पहिल्या दिवशी नुसता हशा होतो. आठवड्याभरात एखादी मुलगी आपणहून विचारते, "पाणी गरम होतं का थंड?"