दार आतून लावता आले पाहिजे

ऑनलाइन मानसोपचार आला, आता मदत प्रत्येकीच्या दारात पोहोचली, असे सांगितले जाते. दारात पोहोचली हे खरे. पण ते दार आतून लावण्याचा अधिकार बाईला आहे का, हे कुणी विचारत नाही.

मी बोळिंजमध्ये बायकांबरोबर काम करते. इथे एकीकडे जुन्या वाड्या, चाळी. दुसरीकडे म्हाडाच्या उंच इमारती. दोन्हीकडे घर लहान आणि माणसे जास्त. पहिल्यांदाच उपचार घेऊ पाहणाऱ्या बाईला सूचना मिळते: स्वतंत्र खोलीत बसा, दार लावा, पाऊण तास कुणी मध्ये येणार नाही असे पाहा. कुठली खोली? स्वयंपाकघरात सासू, बाहेर दीर, कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली मुले. मग ती भाजीच्या निमित्ताने बाहेर पडते आणि जिन्यात बसून बोलते. मार खाल्ल्याची गोष्टही दबक्या आवाजातच सांगायची!

फोन तरी तिचा असतो का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के, पुरुष मात्र 57 टक्के. फी भरली की बँकेचा संदेश नवऱ्याच्या फोनवर, कारण खात्याला नंबर त्याचाच.

आणि तो पहिला फॉर्म! ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात बाई सवयीने नवऱ्याचे नाव लिहिते. ज्याच्यापासून धोका, त्यालाच संकटाच्या वेळी फोन जाणार. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्कही दिला आहे. तो नवराच असला पाहिजे असे नाही. पण हे तिला सांगतो कोण?

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हे मध्यमवर्गीय खूळ आहे, बाईला उपचार नको, न्याय हवा. मला यातले निम्मे पटते. मारणाऱ्याला मोकळे सोडून मार खाणारीला ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगणारा उपचार म्हणजे ‘जुळवून घे’ या जुन्याच सल्ल्याची नवी आवृत्ती. पण महिनोन्महिने झोप न लागलेल्या बाईने कोर्टाच्या तारखा कशाच्या बळावर करायच्या? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. रोजगार बुडवून, लोकलच्या गर्दीतून मुंबई गाठणे जिला शक्य नाही, तिच्यासाठी फोनवरची मदत हाच रस्ता उरतो. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. ती नाकारायची नाही. ती बाईच्या हातात खरोखर येईल असे करायचे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि समाजमंदिरात दार लागणारी एक खोली व एक फोन बायकांसाठी ठरावीक वेळी राखून ठेवा. उपचार करणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावे: आता जवळ कुणी आहे का? नुसते हो-नाही सांगा. कुणी अचानक आले तर कुठला शब्द उच्चारून फोन ठेवाल? संपर्कासाठी कुणाचे नाव सुरक्षित? मारहाण दिसली तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती द्यावी.

मैत्रिणींनो, सरकारची वाट पाहत बसायला नको. आपल्या संघटनांच्या कार्यालयांना दारे आहेत, दुपारी ती रिकामीही असतात. आठवड्यातून दोन दुपारी ती खोली उघडा, आतली कडी त्या बाईच्या हाती द्या आणि आपण बाहेर बसा. तिचे नाव आपत्कालीन संपर्कात लिहायला कुणी नसेल, तर तिथे संघटनेचे नाव लिहू द्या.