पानाला ऊन, फळाला सावली



“साहेब, बांधावरचं डांगर माजलं नुसतं, धरलं काहीच नाही,” असे गेल्या थंडीत बरेच जण म्हणाले. जाऊन पाहिले तर वेल आडसाली उसाच्या उत्तर बांधावर! थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, उसाची सावली दिवसभर वेलावर. सावलीत वेल नुसता लांबतो, मादी फुले कमी येतात. मग खताला दोष कशाला? वेल दक्षिण बांधावर लावा. पलीकडेही शेजाऱ्याचा ऊस असेल तर तिथेही नकोच.

अमेरिकेत २०२३ साली एकाने १२४७ किलोचा भोपळा पिकवला. वाण वेगळे, ते आपल्या भाजीचे नव्हे. पण रीत पाहण्यासारखी आहे. वेलावर फळ एकच. बगलफुटी ठेवायच्या, त्यांना येणारी पुढची फूट खुडायची, पेरांवर माती टाकायची म्हणजे तिथे मुळ्या धरतात. निरोगी हिरव्या पानाला मात्र हात लावायचा नाही. कापडाची सावली करायची ती फक्त फळावर, कारण उन्हाने साल लवकर निबर झाली की वाढते फळ तडकते.

आपण नेमके उलटे करतो. फळाला ऊन लागावे म्हणून पाने खुडतो! घरापुरती दोन-तीन फळे ठेवा, ती धरली की शेंडा मारा, पाने राहू द्या.

जनावरांसाठी उभ्या उसाचा हिरवा पाला ओरबाडणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. वाळलेले पाचट खुशाल काढा. पण हिरवे काढून वर वजनकाट्यावर आमच्याशी भांडू नका.