ताशी ऐंशीचा हिशेब

गेल्या वर्षी मुलीकडे फ्लोरिडाला गेलो होतो, तेव्हा अकरा वर्षांच्या नातवाने माझ्याकडून एक वचन घेतले. "आजोबा, तुम्ही माझ्याबरोबर मोटारसायकलवर बसायचं." ही मोटारसायकल साधीसुधी नव्हती. ऑरलँडोच्या 'आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर' या उद्यानात हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडच्या मोटारसायकलवर बेतलेला एक रोलरकोस्टर आहे. हॅग्रिड म्हणजे धिप्पाड, दाढीवाला, मनाने लोण्यासारखा मऊ असा राखणदार. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तो उडत्या मोटारसायकलवरून तान्ह्या हॅरीला घेऊन येतो, हे मला नातवानेच सांगितले. उभा जन्म बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेलेल्या माणसाचे जादूच्या वाहनांविषयीचे ज्ञान यथातथाच असणार!

हा खेळ १३ जून २०१९ रोजी सुरू झाला. पहिल्या दिवशी लोक दहा-दहा तास रांगेत उभे होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. आमची दीड तासात सुटका झाली. सुमारे ५,०५३ फुटांचा, म्हणजे दीड किलोमीटरचा रूळ. वाटेत सात ठिकाणी गाडीला जोराचा रेटा मिळतो. एका ठिकाणी ती चढावर जाऊन थबकते आणि उलटी मागे धावू लागते. दुसऱ्या एका ठिकाणी तर रुळासकट सतरा फूट खाली कोसळते. एका गाडीत चौदा माणसे. प्रत्येक जोडीतला एक मोटारसायकलवर, दुसरा शेजारच्या साइडकारमध्ये. नातू अर्थातच मोटारसायकलवर बसला आणि मी साइडकारमध्ये. मी ओरडलो. किती ओरडलो ते विचारू नका, नातू अजून नक्कल करून दाखवतो.

मोटारसायकलची ही भुरळ एकट्या हॅग्रिडची नाही. नेदरलँड्सच्या 'टोव्हरलँड' उद्यानात २००४ सालीच 'बूस्टर बाइक' आली. डिस्नेने २०१६ मध्ये शांघायला आणि एप्रिल २०२३ मध्ये फ्लोरिडात 'ट्रॉन' नावाचा रोलरकोस्टर सुरू केला. त्यात माणूस शर्यतीतल्या स्वारासारखा पुढे ओणवा होऊन बसतो आणि ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. आपल्या जत्रांतला 'मौत का कुआं' आठवा. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल गरगर फिरायची आणि आपण वरून जीव मुठीत धरून पाहायचो. भूल तीच. फरक एवढाच, की जत्रेत एकाने जीव धोक्यात घालायचा आणि शंभरांनी पाहायचे. इथे शंभरांनी भ्यायचे आणि कोणाच्याही जिवाला धक्का लागू नये, अशी व्यवस्था.

त्या व्यवस्थेकडे मी जरा तपासनीसाच्या नजरेने पाहिले. सवय जात नाही. चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला प्रवेश नाही, मग ते कितीही रडो. गाडी सुटण्यापूर्वी एक तरुण मुलगी प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा हाताने ओढून पाहत होती. चौदा माणसे, चौदा वेळा. रोलरकोस्टरची चाके रुळाच्या वर असतात तशी खालूनही असतात, त्यामुळे गाडी रुळावरून उचललीच जात नाही. ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कारागिराची, १९१९ सालच्या पेटंटची. शिवाय सगळ्या रुळाचे तुकडे पाडलेले असतात. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला त्यात शिरता येत नाही, आपल्या रेल्वेच्या ब्लॉकसारखेच.

एवढे सगळे कशासाठी, तर ताशी ८० किलोमीटरसाठी. हॅग्रिडच्या मोटारसायकलचा कमाल वेग तेवढाच आहे.

हा आकडा ऐकून मी चपापलो. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला मुभा आहे तीही ताशी ८० किलोमीटरचीच. तोच वेग. मात्र रूळ नाही, दांडा नाही, पुढचा तुकडा मोकळा असल्याची हमी नाही. समोर खड्डा, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, टाकीवर बसलेले पोर आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली घरची लक्ष्मी.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे रोज दोनशेच्या वर. त्याच अहवालात हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू ५०,०२९ आहेत, आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. एखाद्या उद्यानात वर्षाला दोन माणसे दगावली तर आपण त्याला टाळे ठोकू. अहमदाबादच्या कांकरियात जुलै २०१९ मध्ये झोपाळा तुटून दोघे गेले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या आणि ते योग्यच होते. या रोजच्या दोनशेंची मात्र आतल्या पानावर दोन ओळींत बोळवण होते.

इथे मला माझी एक जुनी फाइल उघडणे भाग आहे. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. दूध संकलनाचे काम करणारा तेवीस वर्षांचा एक मुलगा मोटारसायकलसाठी कर्ज मागायला आला. मी सगळे नियमाने केले. दोन जामीनदार घेतले. गाडी बँकेकडे तारण लिहून घेतली. गाडीचा पूर्ण विमा, त्यावर बँकेचे नाव. चार महिन्यांनी त्याचे वडील शाखेत आले. काही न बोलता त्यांनी टेबलावर किल्ली ठेवली आणि विचारले, "साहेब, हप्ते किती राहिले?"

विमा कंपनीकडून गाडीचे पैसे आले. कर्जखाते बंद झाले. माझ्या वहीत एका पैशाचेही नुकसान नव्हते. पुढे किती तरी दिवस मला एकच गोष्ट टोचत राहिली. त्या सहापानी अर्जात गाडीचा रंगसुद्धा विचारला होता, पण हेल्मेट घेतले का, हे विचारणारा रकाना नव्हता. आणि मलाही तो प्रश्न सुचला नव्हता. बँकेचा पैसा मी पुरता सुरक्षित केला होता.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. नुकसान ज्याच्या खिशाला बसते, तो काळजी घेतो. ऑरलँडोच्या उद्यानवाल्यांना काही आपल्या नातवाचा विशेष लळा नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात तर हजारांवर पूर्णवेळ कर्मचारी आणि स्वतःचे तपासनीस असलेल्या मोठ्या उद्यानांना राज्याच्या तपासणीतून सूट आहे. तरी ती मुलगी चौदा वेळा दांडा ओढते. कारण एक दांडा सुटला तर कोर्ट, भरपाई आणि ओस पडलेली रांग मालकाच्या वाट्याला येते. आपल्या रस्त्यावर मात्र गाडी विकणाऱ्याचे पैसे मिळालेले असतात, कर्ज देणाऱ्याचे सुरक्षित असतात, ठेकेदाराचे बिल मंजूर झालेले असते. नुकसान उरते ते घरच्यांचे.

कायदे नाहीत असे नाही. दुचाकी विकताना हेल्मेटही द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना पट्टा बांधावा, हेल्मेट घालावे आणि वेग ४० च्या पुढे नेऊ नये, असा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला आणि वर्षभराने लागू झाला. तो पट्टा बांधलेले एकही मूल मी अजून आमच्या रस्त्यावर पाहिलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्त्यामुळे कोणी दगावला तर ठेकेदाराला दंडाची तरतूद झाली. तो जास्तीत जास्त किती? एक लाख रुपये. आज बऱ्याच मोटारसायकलींची किंमत याहून जास्त आहे. आणि आपण नागरिक काय करतो? २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झाले. केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही, ही कारणे मी माझ्याच घरात ऐकली आहेत.

दंडाची रक्कम शहाणपणाने वाढवावी, विक्रेत्याकडून हेल्मेटची पावती घेतल्याशिवाय बँकेने कर्जाची रक्कम सोडू नये, असे मी सुचवीन. बँकेला एक रकाना वाढवायला काहीच खर्च नाही. पण सरकार आणि बँका जागे होईपर्यंत घरातली गाडी रोज बाहेर पडणारच आहे.

फ्लोरिडाहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पुतण्या दूध आणायला निघाला. हेल्मेट कोपरात अडकवलेले. "काका, कोपऱ्यापर्यंत तर जायचंय." मी काही बोललो नाही. हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवले, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि एकदा ओढून पाहिला. त्याला वाटले, म्हातारा अमेरिकेहून काही तरी खूळ घेऊन आला. वाटू दे. आता रोज कोणी बाहेर पडताना मी पट्टा ओढून पाहतो. तुम्हीही आजपासून पाहा.