गट म्हणजे माना डोलावणं नव्हे



गुलाबी बोंडअळी बांध ओळखत नाही. पतंग रात्रीतून या रानातून त्या रानात जातो. आपण कितीही फवारलं आणि शेजारची पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राहिली, तर केलेलं वाया. म्हणून कपाशीत गट पाहिजेच. पण गटांच्या बैठका बघून माझं एक मत झालंय. गट भांडणानं कमी मोडतो, गप्प बसण्यानं जास्त.

बैठकीत होतं काय? ज्याची जमीन जास्त, ज्याच्या दारात ट्रॅक्टर, तो आधी बोलतो. "आता फवारा." बाकीचे माना डोलावतात. कुणाला त्याच्याकडून नांगरट करून घ्यायची असते, कुणाला उसनवारी. घरी गेल्यावर जो तो आपलंच करतो. हे एकमत नाही, ही भीड झाली.

दुसरी खोड. तरण्या पोरानं कामगंध सापळ्याचं काढलं की लगेच, "आपल्या रानात जमत नाही." कोंब वर यायच्या आधीच कोळपं घातल्यासारखं. पुढच्या बैठकीत ते पोरगं तोंड उघडत नाही.

तिसरी, बायांना बोलावतच नाहीत. निंदणी-वेचणी त्या करतात, डोमकळी आधी त्यांच्याच नजरेला पडते.

माझ्या मते असं करावं:

१) आधी आकडा, मग मत. एकरी २ सापळे लावा, पतंग मोजून वहीत लिहा. एकरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडून बघा. सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग आले, किंवा २० बोंडांत २ किडकी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. आकड्याला कुणाचा सातबारा दिसत नाही.

२) लहान शेतकरी, पोरं, बाया आधी बोलतील. ट्रॅक्टरवाला शेवटी.

३) नवीन गोष्टीला नाही म्हणू नका. चार तासांत करून बघा आणि शेजारची चार तासं जुन्या पद्धतीनं ठेवा. तुलनेला काही ठेवलं नाही तर फरक कशानं पडला यावर नुसता वादच.

४) काम, नाव, तारीख वहीत लिहा. "सगळ्यांनी करायचं" म्हणजे कुणीच करत नाही.

कुणी म्हणेल, एवढं बोलत बसल्यावर अळी थांबते का? थांबत नाही. म्हणून आकडा गाठला की त्याच दिवशी ठरवा. पण फरदडीचं तसं नाही, तिथं ऐकून घ्यायला वेळ असतो. डिसेंबरअखेर कपाशी काढायची असं सगळे म्हणतात, भाव जरा चढला की एकेक जण फुटतो. ज्याला पैशाची नड आहे त्याला "मला परवडत नाही" असं बैठकीतच बोलता आलं पाहिजे. तो बोलला तर सावड करून त्याची पऱ्हाटी उपटता येईल, मजुरी वाचेल. त्याला गप्प बसवलं तर तो मान डोलावून जाईल, पऱ्हाटी उभीच ठेवील, आणि तिच्यावर पोसलेली अळी पुढच्या हंगामात सगळ्यांच्या रानात येईल.

तुमच्या गटात आधी कोण बोलतं? सांगा.