दप्तर अद्याप बंद झालेलें नाहीं

कै. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीविषयीं एक मत हल्लीं मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जातें. ‘करमणूक’ पत्रांतून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कथा म्हणजे सुधारकांची एक फिर्याद होती; केशवपनाची चाल गेली, फिर्यादीचा निकाल लागला; आतां तें दप्तर कपाटांत बांधून ठेवावें, असा या मताचा मथितार्थ. आम्हांस हें मत मुळींच मान्य नाहीं.

प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें प्रथम त्यास देऊन टाकूं. शंकरमामंजी हे गृहस्थ हरिभाऊंनीं फारच काळ्या रंगांत रंगविले आहेत. त्यांच्या दुष्टाव्यास कोठें उजेडाची फट म्हणून नाहीं. परंतु यमूचा सर्वनाश त्या एकट्याच्या हातून झाला असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं पुस्तक पुन्हां उघडावें. एका ढोंगी माणसास एवढें बळ येतें कोठून? भोंवतालच्या भल्या माणसांकडून! कोणी वडिलांस भितो, कोणी चार लोकांस भितो. ज्या बायकांनीं जन्मभर सोसलें, त्याच पुढचीस सोसावयास लावितात. आणि त्याही प्रामाणिकपणें, हेंच बाईमाणसाचें वळण अशा समजुतीनें. कथा चालू असतांनाच, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहा वर्षांवरून बारांवर गेली. कायद्यास दुष्टाचें पारिपत्य करितां येतें. भित्र्या सज्जनास मात्र कोणत्या कलमाखालीं धरावयाचें? हरिभाऊंचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो कोणत्याही कायद्यानें निकालांत निघालेला नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, हें सारें एक घरगुती रडगाणें आहे. आम्ही म्हणतों, या कादंबरीचें सामर्थ्य तिच्या घरगुतीपणांतच आहे. यमू आपली हकीकत आपल्या तोंडानें सांगते, आणि तींत दुःखाइतकेंच सुखही सांगते: दादाची माया, दुर्गीशीं जडलेलें सख्य, नवऱ्याच्या उत्तेजनानें वाढलेली वाचनाची गोडी, मुंबईच्या बिऱ्हाडांतले ते थोडेसे मोकळे दिवस. त्या दिवसांत आपण तिच्याबरोबर हंसलेलों असतों, म्हणूनच पुढें तिच्या मस्तकावर वस्तरा चालतो तेव्हां आपल्या जिवाचें पाणी होतें. नुसत्या फिर्यादीनें असें होत नाहीं.

वस्तरा गेला, हें खरें. परंतु सासरीं जाच सोसणारी लेक माहेरीं परत आली, म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ हे शब्द आजही कित्येक सुशिक्षित घरांत ऐकूं येतात, आणि ते उच्चारणारे बहुधा तिच्यावर जीव टाकणारेच असतात. तेव्हां हें पुस्तक कपाटांत बांधून ठेवूं नये. घरांतल्या प्रत्येकानें तें वाचावें; आणि आपण कधीं कोणाचें वाईट केलें नाहीं अशी ज्यांची खात्री असेल, त्यांनीं तर सर्वांच्या आधीं वाचावें.